अक्षरे मोजणारा वास्तुविशारद

मँचेस्टर येथे १९८२ साली झालेल्या स्क्रॅबलच्या एका स्पर्धेत कार्ल खोशनाव या खेळाडूने ‘कझीक्स’ हा इंग्रजी शब्द पटावर मांडला आणि एकाच चालीत ३९२ गुण पटकावले. वेस्ट इंडीज बेटांवरील मूळ रहिवाशांच्या टोळीप्रमुखांसाठी हा शब्द वापरला जात असे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांनाही आयुष्यात तो एकदा तरी लागत असेल की नाही, शंकाच आहे. परंतु या खेळात गुण अर्थाला मिळत नसतात. या शब्दातील आठ अक्षरांच्या गुणांची बेरीज २८ होते. त्यातील दहा गुणांचे ‘क्यू’ दुप्पट गुणांच्या घरात पडल्याने ती ३८ झाली. शब्दाची दोन्ही टोके तिप्पट गुणांच्या घरांवर असल्याने तिची नऊपट, म्हणजे ३४२ झाली आणि हातातील सातही सोंगट्या एकदम संपविल्याबद्दल ५० गुणांची बक्षिसी वर मिळाली.

‘क्यू’ला दहा गुण कोणी दिले आणि ‘ई’ला एकच का दिला, हा प्रश्न खेळाच्या भरात सहसा कोणाला पडत नाही. लांबलचक, विक्षिप्त आणि कोशाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या इंग्रजी शब्दांना ज्या कोष्टकामुळे नवे आयुष्य मिळाले, ते कोष्टक एका बेकार वास्तुविशारदाने वर्तमानपत्राची पाने पुढ्यात घेऊन, एकेक अक्षर मोजून तयार केले होते. आल्फ्रेड मोशर बट्स हे त्यांचे नाव. जगभरातील शब्दखेळाडूंना ते परिचित आहे. मात्र खोक्यावरच्या खेळाच्या नावामागे हा गृहस्थ नेहमी थोडा झाकलेलाच राहिला.

बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पकिप्सी या गावी झाला. वडील वकील होते, आई शाळेत शिक्षिका होती. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेऊन ते व्यवसायात पडले आणि पुढच्याच वर्षी नीना ऑस्ट्रँडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नीनाबाईही शिक्षिका होत्या. बट्स यांचा पिंड शांत, टापटिपीचा आणि रेषेवर प्रेम करणारा होता. ते फावल्या वेळात न्यूयॉर्क शहराची चित्रे काढीत. त्यांतील सहा चित्रे पुढे त्या शहरातील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात गेली, यावरून हा नुसता विरंगुळा नव्हता हे ध्यानात येईल.

१९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर अमेरिकेत महामंदीने ठाण मांडले. मंदीत सर्वप्रथम थांबतात ती बांधकामे आणि बांधकामे थांबली की नकाशे काढणाऱ्यांची गरज उरत नाही. १९३१ मध्ये बट्स यांची नोकरी गेली. वय ३२, हाताशी कसब आहे, परंतु त्याला गिऱ्हाईक नाही, अशी ती अवस्था होती. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये असे हजारो सुशिक्षित पुरुष रोज सकाळी कोट चढवून कामाच्या शोधात बाहेर पडत आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतत. बट्स यांनी निराळा मार्ग धरला. लोकांकडे पैसा नाही, पण वेळ भरपूर आहे. तेव्हा घरबसल्या खेळण्याचा एखादा नवा खेळ काढला तर तो विकला जाईल, असा त्यांनी विचार केला.

वास्तुविशारदाने इमारतीपूर्वी जमीन पाहावी, तसे त्यांनी आधी सगळे प्रचलित खेळ तपासले. त्यांची त्यांनी तीन गटांत विभागणी केली. फासे किंवा बिंगोसारखे आकड्यांचे खेळ, बुद्धिबळासारखे सोंगट्या हलविण्याचे खेळ आणि अक्षरांची उलटापालट करून शब्द जुळविण्याचे खेळ. पहिल्यात सगळा नशिबाचा कारभार, दुसऱ्यात सगळी बुद्धी. नशीब आणि बुद्धी यांची बेताची सरमिसळ असलेला खेळ त्यांना हवा होता आणि तिसऱ्या गटात त्यासाठी जागा मोकळी दिसत होती. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात १९१३ मध्ये पहिले शब्दकोडे छापून आले होते आणि विसाच्या दशकात शब्दकोड्यांनी अमेरिकेला अक्षरशः वेड लावले होते. शब्दांशी झटणारा वाचकवर्ग तयारच होता.

त्यांना पुढची वाट दाखवली ती एडगर अॅलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द गोल्ड बग’ या कथेने. समुद्री चाच्याने पुरून ठेवलेल्या खजिन्याचा ठावठिकाणा एका सांकेतिक मजकुरात दडलेला आहे, अशी ती कथा. कथानायक त्या मजकुरातील चिन्हे मोजतो. सर्वाधिक वेळा आलेले चिन्ह म्हणजे ‘ई’ असणार, कारण इंग्रजीत तेच अक्षर सर्वाधिक येते, असा तर्क करून तो संपूर्ण लिखाण उलगडतो. बट्स यांना त्यातून जे हवे होते ते मिळाले. अक्षरे सारख्या संख्येने द्यायची नाहीत, भाषेत ती जितक्या प्रमाणात वावरतात तितकीच द्यायची.

मग ते मोजायला बसले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि त्या वेळची इतर नियतकालिके घेऊन त्यांनी मजकुरातील प्रत्येक अक्षराची नोंद केली. आज संगणक जे काम क्षणात करील, त्यासाठी तेव्हा पेन्सिल, चौकटीचा कागद आणि न कंटाळणारे मन एवढेच भांडवल होते. नोकरी गेलेल्या माणसाकडे तिसरी गोष्ट क्वचितच असते. या मोजणीतून जे प्रमाण तयार झाले ते थोड्याफार फरकाने आजही खेळात आहे. शंभर सोंगट्यांपैकी ‘ई’च्या १२, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी ९, ‘ओ’च्या ८, तर ‘क्यू’, ‘झेड’, ‘जे’, ‘एक्स’ आणि ‘के’ यांची प्रत्येकी एक. दोन सोंगट्या कोऱ्या.

अर्थात, हे काम निव्वळ आकडेमोडीचे नव्हते. ‘एस’ हे अक्षर इंग्रजीत विपुल आहे, पण त्याच्या सोंगट्या त्यांनी जाणूनबुजून चारच ठेवल्या. कोणत्याही नामाच्या शेवटी ‘एस’ चिकटवून अनेकवचन करायचे आणि फुकटचे गुण घ्यायचे, या पळवाटेला त्यांना आळा घालायचा होता. ‘एच’चेही तसेच. इंग्रजी मजकुरात ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ अशा किरकोळ शब्दांमुळे ‘एच’ पावलोपावली भेटते, परंतु शब्द जुळविताना त्याचा तितका उपयोग होत नाही. पेटीत ते फक्त दोनदा आहे आणि त्याला गुण आहेत चार. मोजणी कुठे मानायची आणि कुठे बाजूला सारायची, हा विवेकच या खेळाचा खरा पाया आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिल्या खेळाचे नाव ‘लेक्सिको’ होते. त्याला पट नव्हता. सोंगट्या उचलायच्या आणि त्यांतून शब्द जुळवायचा, इतकेच. दुर्मीळ अक्षरे वापरणाऱ्यास अधिक गुण, ही कल्पनाही याच काळात आली. पार्कर ब्रदर्स, मिल्टन ब्रॅडली अशा खेळ बनविणाऱ्या नामांकित कंपन्यांकडे त्यांनी तो पाठवला. सगळीकडून नकार आला. पेटंटसाठी केलेला अर्जही फेटाळला गेला. १९३८ च्या सुमारास त्यांनी शब्दकोड्यावरून स्फूर्ती घेऊन १५ गुणिले १५ घरांचा पट आणला, शब्द एकमेकांना छेदत जातील अशी रचना केली आणि नाव ठेवले ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’. कंपन्यांचे उत्तर मात्र बदलले नाही. खेळ फार बौद्धिक आहे, फार गुंतागुंतीचा आहे, असा एकंदर सूर होता.

बट्स यांनी मग घरीच संच बनवायला सुरुवात केली. इमारतींचे नकाशे काढण्याच्या सामग्रीनेच ते पट आखीत, अक्षरे रेखून त्यांची छायाप्रत काढीत, ती पातळ लाकडावर चिकटवीत आणि एकेक सोंगटी कापून काढीत. ओळखीपाळखीच्या लोकांना हे संच ते विकत. या धंद्यात पैसा सुटला नाही. परंतु क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स येथे, घराजवळच्या मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात मित्रमंडळींबरोबर रंगणाऱ्या डावांमुळे खेळातील एकेक उणीव दूर होत गेली. तोपर्यंत वास्तुरचनेचे कामही पुन्हा मिळू लागले होते. पोटाचा प्रश्न सुटला, तरी खेळाचा नाद सुटला नाही.

याच शहरात, याच सुमारास घडलेली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९३५ मध्ये नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या जुन्या संस्थेचे संमेलन न्यूयॉर्कमध्ये भरले होते. संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी त्या वेळी एक शब्द घडवला. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात गेल्याने होणारा विकार, असा त्याचा अर्थ. इंग्रजी लिपीत त्यात ४५ अक्षरे भरतात. वर्तमानपत्राने तो छापला आणि कालांतराने ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याला आसरा दिला. कोणत्याही डॉक्टरला न लागणारा हा शब्द केवळ लांबीचा विक्रम व्हावा म्हणून जन्मला. बट्स यांच्या पटावर त्याला जागाच नाही. पंधरा घरांची एक ओळ, म्हणजे तो मांडायला तीन पूर्ण ओळी लागतील. शब्दांचे वेड असलेले हे दोन प्रवाह एकाच शहरातून वाहत होते. एकाला शब्द जितका लांब तितका प्रिय होता. दुसऱ्याने लांबीला लगाम घातला आणि किंमत ठेवली ती दुर्मीळपणाची.

स्वतः बट्स यांचे शुद्धलेखन कच्चे होते. आपल्याच खेळात ते सामान्य खेळाडू होते आणि हे ते मोकळेपणाने मान्य करीत. घरातील खरा खेळाडू होत्या त्या नीनाबाई. त्यांनी एकदा ‘क्विक्झॉटिक’ हा शब्द दोन तिप्पट घरांना भिडवून एका चालीत २८४ गुण मिळवल्याचे सांगितले जाते. हिशेब बरोबर जुळतो. अक्षरांची बेरीज २६, तिची नऊपट २३४ आणि वर ५० ची बक्षिसी. गंमत म्हणजे २००६ मध्ये अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात मायकेल क्रेस्टा या खेळाडूने एका चालीत ३६५ गुणांचा विक्रम केला, तो याच कुळातल्या ‘क्विक्झॉट्री’ या शब्दावर. सर्व्हान्टिसच्या त्या भाबड्या सरदाराचे नाव या खेळाला असे दोनदा फळले.

खेळाचे नशीब पालटले ते जेम्स ब्रुनो या गृहस्थांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रुनो वॉशिंग्टनमध्ये युद्धसाह्याच्या सरकारी मंडळावर अधिकारी होते. बट्स यांनी हाताने बनवलेला एक संच त्यांच्याकडे होता. नोकरी सोडून कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या गावी राहायला गेल्यावर त्यांनी १९४८ मध्ये बट्स यांच्याकडून हा खेळ बनविण्याचे हक्क घेतले. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे बट्स यांना रॉयल्टी मिळावी, असा करार झाला. ब्रुनो यांनी दुप्पट-तिप्पट गुणांच्या घरांची मांडणी बदलली, नियम सुटसुटीत केले, सातही सोंगट्या एकदम लावणाऱ्यास ५० गुण देण्याची प्रथा सुरू केली आणि नाव बदलून ‘स्क्रॅबल’ केले. चाचपडणे, घाईघाईने खरवडणे असा त्या शब्दाचा अर्थ. सोंगट्यांच्या पिशवीत हात घालणाऱ्याला तो पटावा. सोंगट्यांचे प्रमाण व त्यांचे गुण, म्हणजे बट्स यांची मोजणी, हा गाभा मात्र कायम राहिला.

ब्रुनो दांपत्याने एका ओस पडलेल्या शाळेच्या इमारतीत, मित्रांच्या मदतीने तासाला बारा या गतीने संच तयार करण्यास प्रारंभ केला. १९४९ मध्ये २,४०० संच बनले आणि वर्षअखेरीस ४५० डॉलरचा तोटा झाला. पुढची दोन-तीन वर्षेही ओढाताणीची गेली. मग १९५२ मध्ये, खेळाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाणारी ती घटना घडली. न्यूयॉर्कमधील मेसीज या अवाढव्य दुकानाचे प्रमुख जॅक स्ट्रॉस यांनी सुटीत हा खेळ पाहिला, खेळला, आणि परतल्यावर आपल्या दुकानात तो नाही हे समजताच त्यांना आश्चर्य वाटले. मेसीजने मोठी मागणी नोंदवली. पाहता पाहता मागणी इतकी वाढली की ब्रुनो यांना ती पुरी करणे अशक्य झाले आणि त्यांनी उत्पादनाचे काम सेल्चाऊ अँड रायटर या कंपनीकडे सोपवले. १९५४ या एका वर्षात जवळपास ४० लाख संच खपले. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये जे. डब्ल्यू. स्पिअर या कंपनीने तो बाजारात आणला. आजवर जगभर सुमारे १५ कोटी संच विकले गेल्याचा अंदाज आहे.

यातून बट्स यांच्या वाट्याला काय आले? एका संचामागे सरासरी तीन सेंट. हा आकडा वाचून आपल्याला चुटपुट लागते, त्यांना लागली नसावी. मिळकतीचा एक तृतीयांश भाग करात गेला, एक तृतीयांश त्यांनी देऊन टाकला आणि उरलेल्या भागात आयुष्य सुखात गेले, असा त्यांचा स्वतःचा हिशेब होता. वास्तुविशारदाचे काम त्यांनी सोडले नाही. न्यूयॉर्क राज्यातील स्टॅनफर्डव्हिल येथे पूर्वजांचे जुने घर परक्या हातांत गेले होते, ते या पैशातून त्यांनी परत विकत घेतले. खेळाचे मालक मात्र बदलत राहिले. १९७२ मध्ये सेल्चाऊ अँड रायटरने व्यापारचिन्ह विकत घेतले, १९८६ मध्ये ती कंपनी कोलेकोच्या ताब्यात गेली आणि कोलेकोचे दिवाळे वाजल्यावर १९८९ मध्ये खेळ हॅस्ब्रोकडे आला. तोही मिल्टन ब्रॅडली या उपकंपनीमार्फत. अर्धशतकापूर्वी ज्यांनी बट्स यांना नकार कळवला होता, त्यांच्यातलीच ही एक. अमेरिका व कॅनडाबाहेरचे हक्क १९९४ पासून मॅटेलकडे आहेत. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी इंटरनेटवर आणलेला ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ २००८ मध्ये हॅस्ब्रोच्या दाव्यानंतर अमेरिकेत व कॅनडात फेसबुकवरून हटवावा लागला, तो याच हक्कांपायी.

दरम्यान, खेळाडूंची एक वेगळीच जात तयार झाली होती. १९७८ मध्ये मेरियम-वेबस्टरने या खेळासाठी स्वतंत्र अधिकृत कोश काढला आणि कोणता शब्द चालेल, कोणता नाही, हा घरोघरीचा वाद निदान स्पर्धांपुरता मिटला. १९९१ मध्ये लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धक शब्द वाचीत नाहीत, पाठ करतात. ‘सीडब्ल्यूएम’ असा एकही स्वर नसलेला शब्द, हवाई बेटांवरील लाव्ह्यासाठी असलेला ‘एए’, ‘यू’शिवाय ‘क्यू’ खपविणारा ‘क्यूआय’ हा चिनी शब्द, असा त्यांचा खजिना. ‘ऑक्सिफेनब्युटाझोन’ हे वेदनाशामक औषधाचे पंधरा अक्षरी नाव पटावर योग्य जागी पडल्यास एका चालीत सतराशेहून अधिक गुण होऊ शकतात, असे हौशी मंडळींनी गणिताने सिद्ध केले आहे. प्रत्यक्षात तो योग कोणाच्याही नशिबी आलेला नाही.

या खजिन्यात आपलीही नाणी आहेत. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द मराठीतील मुंगसावरून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला. त्याचे गुण होतात ११. ब्रिटिश परंपरेच्या शब्दसूचीत ‘पेशवा’ही आहे, त्याला १४ गुण. पुण्याच्या गादीपेक्षा मँचेस्टरच्या टोळीप्रमुखाला भाव अधिक मिळाला, तो केवळ ‘झेड’ आणि ‘क्यू’ यांच्या जोरावर. हा खेळ जसाच्या तसा मराठीत उतरवू म्हटले, तर मात्र अडचण उभी राहते. काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र घर द्यायचे की अक्षराबरोबरच धरायचे आणि जोडाक्षरांचे काय करायचे, हे ठरवायला कोणा बट्सला मराठी वर्तमानपत्र घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसावे लागेल.

अर्थ न जाणता शब्द खेळणे ही भाषेची थट्टा आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना, तिची शब्दसूची पाठ करून २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा ही कुरबूर पुन्हा ऐकू आली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु शब्दाच्या अर्थाला वजाबाकीत टाकण्याचे काम रिचर्ड्स यांनी केले नाही, ते तीसच्या दशकातच झाले होते. वर्तमानपत्रातील मंदीच्या, आत्महत्यांच्या आणि बंद पडलेल्या बँकांच्या बातम्या बट्स यांनी त्या बातम्या म्हणून वाचल्याच नाहीत. त्यातले ‘ई’ किती आणि ‘टी’ किती, एवढेच पाहिले. त्या दिवसांत मन ताळ्यावर ठेवण्याचा तोही एक उपाय असेल.

१९७९ मध्ये नीनाबाईंचे निधन झाले. बट्स एकटे राहिले, परंतु हात थांबला नाही. १९८५ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, सेल्चाऊ अँड रायटरने त्यांचा आणखी एक शब्दखेळ बाजारात आणला. त्याचे नाव होते ‘आल्फ्रेड्स अदर गेम’. पहिल्या खेळाला कंपन्यांनी नाकारले आणि लोकांनी उचलून धरले होते. या खेळाला कंपनीने स्वीकारले, पण लोकांनी फारशी दाद दिली नाही. ४ एप्रिल १९९३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऱ्हाइनबेक येथे वयाच्या ९३व्या वर्षी, चौऱ्याण्णवाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

जॅक्सन हाइट्समध्ये, ज्या चर्चमध्ये ते डाव मांडीत त्याच्या कोपऱ्यावर, १९९५ मध्ये रस्त्याच्या नावाची एक आगळी पाटी लागली. ‘पस्तिसावा अॅव्हेन्यू’ या नावातील प्रत्येक इंग्रजी अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधील गुण लिहिलेले होते. ‘एच’खाली चार, ‘व्ही’खाली चार, ‘ई’खाली एक. बट्स यांचे नाव तिच्यावर नव्हते. २००८ मध्ये ती पाटी नाहीशी झाली. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये महापालिकेने तशीच नवी पाटी त्या जागी बसवली.